मोंढ्यातली पावती आणि भाच्याचा डॉलर

अंबाजोगाईच्या एका निवृत्त गुरुजींनी प्रश्न पाठवला आहे, तो थोडक्यात असा. निवृत्तीच्या पैशांतले जवळपास पाच लाख त्यांनी भाच्याच्या सांगण्यावरून यूएसडीटी नावाच्या क्रिप्टो नाण्यात घातले. भाचा पुण्यात नोकरीला. ‘मामा, बिटकॉइन वरखाली होतं, हे होत नाही. हा डॉलरच आहे,’ असं त्याचं म्हणणं. ९० रुपयांना एक या भावानं साडेपाच हजार नग मिळाले. घराच्या स्लॅबसाठी त्यांतले हजार त्यांनी अ‍ॅपच्या ‘पीटूपी’वर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला, ९३ रुपयांनी विकले. पैसे कुणा अनोळखी माणसाच्या खात्यातून आले आणि काही दिवसांनी बँकेनं गुरुजींचं खातंच गोठवलं. पेन्शनही त्याच खात्यात येते. आता त्यांना विचारायचंय की खातं सुटेल कसं, उरलेले साडेचार हजार सुरक्षित आहेत का, आणि अ‍ॅपवर ‘अर्न’ नावाच्या कप्प्यात वर्षाला दहा टक्के देतात तिथं ते ठेवावेत का.

मी लातूरला चार्टर्ड अकाउंटंट आहे. निम्मं आयुष्य मोंढ्यातल्या आडत्यांच्या वह्या तपासण्यात आणि बँकांसाठी गोदामांतला माल मोजण्यात गेलं. २०२२ पासून पोरांची क्रिप्टोची विवरणपत्रंही भरतोय. त्यामुळे उत्तर थोडं गोदामाच्या अंगानं जाईल, ते चालवून घ्या.

गुरुजी, आधी खात्याचं बघू, कारण पेन्शन अडकलीय. खातं गोठलं म्हणून तुम्ही आरोपी होत नाही. कुठल्या तरी राज्यात कुणाची तरी ऑनलाइन फसवणूक झाली, त्यानं १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली आणि पोलिसांनी पैसा ज्या ज्या खात्यांतून फिरला त्यांची साखळी काढली. त्यात तुमचं खातं तिसरं-चौथं असेल. शाखेत जाऊन तोंडी विचारत बसू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तक्रारीचा क्रमांक काय, कुठल्या पोलीस ठाण्याची सूचना आहे आणि वादातली रक्कम नेमकी किती, हे बँकेकडून लेखी मागा. त्याच अर्जात विनंती करा की होल्ड तेवढ्याच रकमेवर ठेवावा, पेन्शन मोकळी करावी. मग त्या ठाण्याच्या तपास अधिकाऱ्याला ईमेल करा. सोबत विक्रीची ऑर्डर, अ‍ॅपवरचं संभाषण, खरेदीदाराचं नाव, नाणी गेल्याची नोंद, आणि मूळ पाच लाख कुठून आले ते दाखवणारा बँकेचा उतारा जोडा. मधल्या काळात कुणी फोन करून ‘माझे पैसे परत पाठवा, तक्रार मागे घेतो’ म्हणालं तर एक रुपया पाठवू नका. पाठवायला सांगणारा कोण आहे, हे तुम्हाला फोनवर कळणार नाही. ‘खातं सोडवून देतो’ म्हणणारे एजंटही आता गावोगाव झालेत, त्यांनाही दारातूनच परत पाठवा.

आणि ९३ रुपये का मिळाले, याचाही विचार करा. सौद्यात पुकारलेल्या भावापेक्षा शंभर रुपये जास्त देणारा खरेदीदार भेटला की जुना आडत्या खूश होत नाही, तो त्या माणसाचं गाव विचारतो. पीटूपीमध्ये अ‍ॅप फक्त तुमची नाणी मधे धरून ठेवतं. रुपये थेट खरेदीदाराच्या खात्यातून तुमच्या खात्यात येतात आणि त्या रुपयांचा इतिहासही सोबत येतो. ज्याला घाईनं काळा पैसा नाण्यात फिरवायचाय, त्याला दोन-तीन रुपये जास्त द्यायला जड जात नाही.

आता मूळ मुद्दा. भाचा म्हणतो तो डॉलर आहे. तुमच्याकडे डॉलरची पावती आहे.

वखारीत सोयाबीन ठेवलं की पावती मिळते. ती बँकेत दाखवून कर्ज मिळतं, कुणाला दिली तर तो माल उचलू शकतो. पावती हातोहात फिरते, पोती जागेवर राहतात. टेथर नावाच्या कंपनीनं २०१४ साली हेच डॉलरचं केलं. त्यांच्याकडे एक डॉलर भरा, ते एक यूएसडीटी देतील. यूएसडीटी परत करा, ते डॉलर देतील. पावतीला किंमत आहे ती गोदामात पोती आहेत म्हणून. तेव्हा गोदाम कुणाचं, मोजलं कुणी आणि माल उचलायला गेलं तर दार उघडतं का, हेच विचारायचं असतं.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालायचा आणि इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणायचे. सात हालींचे सहा कलदार, असा हिशोब ठरलेला. आमची आजी शेवटपर्यंत ‘कलदार मोजून दे’ असंच म्हणायची. हैदराबाद संस्थान गेलं, हाली बंद होत होत १९५९ मध्ये व्यवहारातून पूर्ण गेला. तरी तो बदलून घ्यायला एक सरकार उभं होतं. टेथरच्या मागं कुठलं सरकार नाही, एक खाजगी कंपनी आहे. तिचा आणि बिटफिनेक्स या एक्स्चेंजचा, म्हणजे नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजाराचा, मालकवर्ग एकच.

काही वर्षांपूर्वी मी एका गोदामाची तपासणी केली होती. बँकेचं तारण कर्ज होतं. कागदावर जेवढे कट्टे, तेवढेच जागेवर. परखी मारून नमुना काढला, माल उत्तम. वजनही बरोबर. निघता निघता सहज नजर गेली, तर निम्म्या बारदान्यावर दुसऱ्याच व्यापाऱ्याचा मार्का. हमालांना चहा पाजला तेव्हा कळलं की आदल्या रात्री शेजारच्या गोदामातून ट्रक भरभरून कट्टे आणले होते, मोजणी झाली की परत जाणार होते. माल खरा होता, थप्पी खरी होती. फक्त त्याची नव्हती.

न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलनी टेथरबद्दल जे काढलं ते वाचताना मला तोच बारदाना आठवला. सप्टेंबर २०१७ मध्ये टेथरनं एका लेखा फर्मकडून आपले डॉलर तपासून घेतले. ज्या दिवशीची शिल्लक तपासायची, त्याच दिवशी सकाळी बिटफिनेक्सच्या खात्यातून ३८ कोटी २० लाख डॉलर टेथरच्या खात्यात आले होते. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच. १ नोव्हेंबर २०१८ ला बहामातल्या एका बँकेचं पत्र प्रसिद्ध केलं की डॉलर जमा आहेत, आणि दुसऱ्याच दिवसापासून त्यांतले कोट्यवधी बिटफिनेक्सकडे जायला लागले. कारण बिटफिनेक्सचे सुमारे ८५ कोटी डॉलर पनामातल्या क्रिप्टो कॅपिटल नावाच्या पैसे फिरवणाऱ्या कंपनीकडे अडकले होते आणि ते भोक बुजवायचं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये १ कोटी ८५ लाख डॉलर भरून हे प्रकरण मिटवलं, चूक कबूल न करता. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेच्या वायदेबाजार नियामकानं ४ कोटी १० लाख डॉलरचा दंड केला. त्यांच्या आदेशात एक आकडा आहे, जो मी दर नव्या अशिलाला सांगतो: २०१६ ते २०१८ मधल्या २६ महिन्यांत पुरेसे डॉलर खरोखर शिलकीत होते असे दिवस फक्त २७.६ टक्के.

आता न्यायानं बोलायचं तर आजचा टेथर २०१७ चा राहिलेला नाही. जगात डॉलरचं व्याज वाढलं तशी त्यांची चांदी झाली. लोकांनी दिलेल्या डॉलरमधून ते अमेरिकी सरकारची अल्पमुदतीची रोखेपत्रं घेतात, त्यांचं व्याज स्वतः ठेवतात आणि पावतीधारकाला काही देत नाहीत. २०२४ साली त्यांनी १३ अब्ज डॉलरहून जास्त नफा जाहीर केला. मे २०२२ च्या घबराटीत यूएसडीटी काही तास ९५ सेंटपर्यंत उतरला होता, तरी परत मागणाऱ्यांना त्यांनी अब्जावधी डॉलर दिले. हेही खरं आहे आणि भाच्यानं ते तुम्हाला सांगितलं असेल. पण इतकी वर्षं कारभार चालला तो तिमाही प्रमाणपत्रांवर. प्रमाणपत्र म्हणजे अमुक तारखेला अमुक शिल्लक होती एवढंच. लेखापरीक्षणात आम्ही वर्षभराच्या नोंदी, येणं-देणं, संबंधित कंपन्यांशी व्यवहार, सगळं उलटंपालटं करतो. बारदान्यावरचा मार्का सापडतो तो तिथं.

दुसरं गोदाम सर्कल कंपनीचं, पावतीचं नाव यूएसडीसी. २०१८ पासून चालू. ही कंपनी जून २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदली गेली, म्हणजे तिचे ताळेबंद कुणीही वाचावेत. माझ्या हिशोबानं कागदपत्रांत ही सरस. तरी मार्च २०२३ मध्ये काय झालं बघा. सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली आणि सर्कलच्या सुमारे ४० अब्जांपैकी ३.३ अब्ज डॉलर तिच्यात अडकले. शनिवार-रविवार बँका बंद, पण नाण्यांचा बाजार चालूच. यूएसडीसी ८८ सेंटच्याही खाली गेला. अमेरिकी सरकारनं ठेवीदारांची हमी घेतली तेव्हा तो परत डॉलरला आला. पोती खरी, मालक प्रामाणिक, तरी गोदामाचं छत गळू शकतं.

तिसऱ्या प्रकारात गोदामच नव्हतं. टेरा-यूएसडी या नाण्यामागं डॉलर नव्हते, लूना नावाचं त्यांचंच दुसरं नाणं होतं, आणि अँकर या योजनेत वर्षाला जवळपास २० टक्के देत होते. मे २०२२ मध्ये आठवडाभरात दोन्ही मिळून सुमारे ४० अब्ज डॉलर हवेत गेले. स्टेबलकॉइन, म्हणजे डॉलरला बांधलेलं स्थिर नाणं, हेच नाव त्याचंही होतं.

समजा गोदाम पक्कं आहे. तुम्ही पावती घेऊन दारात गेलात तर? टेथरकडून थेट डॉलर मागायला किमान एक लाख डॉलरची मागणी लागते, आधी ओळख पडताळणी वेगळी. तुमच्या साडेचार हजारांना ते दार नाही. तुमचं दार एकच, ते अ‍ॅप. आणि माझ्या मते तुमची खरी जोखीम टेथरपेक्षा त्या अ‍ॅपची आहे, कारण पावतीसुद्धा तुमच्या हातात नाही. ती एक्स्चेंजच्या तिजोरीत आहे. तुमच्या मोबाइलवर दिसतो तो त्यांच्या वहीतला तुमच्या नावचा आकडा. आडत्याकडे पट्टीचे पैसे ‘राहू द्या, लागले की नेईन’ म्हणून ठेवणारे शेतकरी आपण पाहिलेत. आडत्या बसला की ते सगळे एका रात्रीत त्याचे सावकार होतात आणि रांगेत उभे राहतात.

एफटीएक्स हे परदेशी एक्स्चेंज नोव्हेंबर २०२२ मध्ये बसलं तेव्हा ग्राहकांच्या सुमारे ८ अब्ज डॉलरचा पत्ता नव्हता. मालकानं ते आपल्याच दुसऱ्या, सट्टा खेळणाऱ्या कंपनीकडे वळवले होते. त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. ग्राहकांना पैसे मिळाले ते त्या नोव्हेंबरातल्या पडलेल्या भावानं, मधल्या काळात बिटकॉइन कितीही चढला असला तरी. आपल्याकडे १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या एक्स्चेंजचे सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे दोन हजार कोटी रुपयांच्या आसपास, चोरीला गेले. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियानं पुढे त्यासाठी उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं. ग्राहक बहुतेक भारतातले, पण पुढची लढाई सिंगापूरच्या न्यायालयात, कारण कंपनी तिथली. ज्यांचं नाणं चोरीला गेलंच नव्हतं त्यांच्यावरही तोट्याचा वाटा बसला आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. लातुरातला माझा एक अशील, पशुखाद्याचा व्यापारी, त्या सव्वा वर्षात दर सोमवारी फोन करून विचारायचा, ‘साहेब, सिंगापूरचं काही?’ त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे २०२२ मध्ये बायनान्स हे मोठं परदेशी एक्स्चेंज आणि वझीरएक्स यांच्यात जाहीर वाद झाला होता की ही कंपनी नक्की कुणाची. २०१९ मध्ये बायनान्सनं ती घेतल्याचं सांगितलं होतं, नंतर म्हणाले की व्यवहार पुराच झाला नाही. उलट उदाहरणही देतो. जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्स या भारतीय एक्स्चेंजचे सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर चोरीला गेले, पण ते कंपनीच्या स्वतःच्या खात्यातले होते आणि कंपनीनं तो फटका आपल्या गंगाजळीतून सोसला. ग्राहकांचा आणि स्वतःचा माल वेगवेगळ्या थप्पीत ठेवला की असा फरक पडतो.

भाचा म्हणेल, अ‍ॅप सरकारकडे नोंदलेलं आहे. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली वित्तीय गुप्तवार्ता कक्षात, म्हणजे एफआययूकडे नोंदावं लागतं, हे बरोबर. बायनान्सला याच कक्षानं जून २०२४ मध्ये १८ कोटी ८२ लाख रुपयांचा दंड केला. पण ती नोंदणी संशयास्पद व्यवहार कळवण्यासाठी आहे, तुमचे पैसे परत देण्याची हमी तिच्यात नाही. बँक बुडाली तर ठेव विम्यातून पाच लाखांपर्यंत मिळतात. अ‍ॅपला तो विमा नाही. पतसंस्था आणि मल्टिस्टेटलाही नाही, हे बीड-जालन्याकडच्या लोकांना मी सांगायला नको.

‘अर्न’चं उत्तर एका शब्दात: नको. टेथर स्वतः व्याज देत नाही. अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये झालेल्या स्टेबलकॉइनच्या कायद्यानं तर नाणं काढणाऱ्या कंपनीला व्याज द्यायलाच मनाई केली आहे. मग दहा टक्के येतात कुठून? तुमची नाणी दुसऱ्या कुणाला उसनी देऊन. सेल्सियस कंपनीनं जून २०२२ मध्ये पैसे काढणं बंद केलं आणि पुढच्या महिन्यात दिवाळखोरीत गेली. तिच्या ‘अर्न’ खात्यांत सुमारे ४.२ अब्ज डॉलरची नाणी होती. जानेवारी २०२३ मध्ये न्यायाधीशांनी अटींचा मजकूर वाचून सांगितलं की ही नाणी ग्राहकांची नाहीत, कंपनीची आहेत. ग्राहक फक्त विनातारण सावकार. त्या अटींवर ‘मान्य’ हे बटण प्रत्येकानं स्वतःच्या अंगठ्यानं दाबलेलं होतं. तुमच्याही अ‍ॅपवर ते बटण आहे.

स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवा, असाही सल्ला मिळेल. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर आहे, पण तुम्हाला मी तो देणार नाही. त्या वॉलेटची चावी म्हणजे बारा किंवा चोवीस शब्द लिहिलेला कागद; तो हरवला की नाणी गेली, तो कागद कुणाला सापडला तरी गेली, आणि तुमच्या पश्चात घरच्यांना तो कागद म्हणजे काय हेच कळणार नाही. शिवाय यूएसडीटी कुठल्याही पत्त्यावर गोठवायची चावी टेथरकडे असते, तेव्हा ते पूर्ण तुमचं असं तिथंही होत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर उरलेले साडेचार हजार एफआययूकडे नोंदलेल्या भारतीय एक्स्चेंजवर, स्वतःच्या नावच्या खात्यात हलवले असते. हलवताना नेटवर्कचं, म्हणजे नाणी ज्या जाळ्यावरून जातात त्याचं, नाव दोन्हीकडे तेच आहे ना बघा, ट्रॉनवरून पाठवलेलं इथेरियमच्या पत्त्यावर शोधत बसावं लागतं. आधी दहाच पाठवा, पोचले की बाकीचे. मग तिथल्या बाजारात रुपयांना विका, पीटूपीवर नाही. पैसे एक्स्चेंजच्या बँक खात्यातून येतील आणि एक टक्का टीडीएस कापला जाईल. तो कापला जाणं तुमच्या फायद्याचं आहे, कारण व्यवहाराची नोंद तुमच्या पॅनवर पडते. आलेले पैसे पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका.

कराचं थोडक्यात. कायद्याच्या लेखी यूएसडीटी परकीय चलन नाही, बिटकॉइनसारखीच आभासी डिजिटल मालमत्ता आहे. नफ्यावर ३० टक्के आणि त्यावर चार टक्के उपकर. तुमच्या हजार नगांवर तीन हजार नफा, म्हणजे ९३६ रुपये कर. उरलेले समजा ८८ नं गेले आणि नऊ हजार तोटा झाला, तरी हे ९३६ भरावेच लागतील, तोटा नफ्यातून वजा होत नाही. नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंत कर शून्य होतो म्हणून हाही सुटेल, असं समजू नका. आणि दरवर्षी भरता तो आयटीआर-१ यंदा चालणार नाही, आयटीआर-२ लागेल.

खात्याचं पत्र बँकेकडून मिळालं की लातूरला या. अ‍ॅपमधून सगळ्या व्यवहारांची फाइल काढून आणा, स्क्रीनशॉट नकोत, त्यांत वेळ दिसत नाही. भाच्यालाही सोबत आणा. त्यानं स्वतः किती घेतलेत आणि कुठल्या ‘अर्न’मध्ये ठेवलेत, हे तुमच्या पत्रात कुठंच नाही.